अर्ध्यावर राहिलेलं वाक्य

“मला एक क... क... क्क...”

एवाल्ड क्रात्सचा हात मेजाच्या कडेवर घट्ट बसला होता, नजर भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांवर होती आणि शब्द घशात अडकला होता. गायनमंडळाची तालीम नुकतीच संपली होती. वीस-बावीस बाप्ये गुत्त्याच्या मागच्या खोलीत खुर्च्या ओढून बसले होते. एवाल्डचा शब्द अडकला की दर वेळी जे व्हायचं तेच आताही झालं. एकजण खिडकीबाहेर बघायला लागला, दुसऱ्यानं पाइप साफ करायला घेतला, आणि आल्फोन्सनं मालकाला हाक मारली, “अरे, कॉर्न दे त्याला एक पेला. आणि मलाही दे. याची वाट बघून घसा माझा सुकतो.”

सगळे हसले. एवाल्डही हसला. लोक हसायच्या आत आपण हसून मोकळं व्हावं, हे तो शाळेतच शिकला होता.

हसली नाही ती एकटी गुड्रुन थेलेन. म्हाताऱ्या संचालकांचे गुडघे गेल्यापासून ही तिशीतली बाई दर गुरुवारी कोलोनहून सोलिंगेनला येऊन मंडळाला शिकवत होती. तोंडावर सगळे तिला ‘बाई’ म्हणत, पाठीमागे ‘पोरगी’. ती मान थोडी कलती करून एवाल्डकडे बघत होती आणि तिचं बोट मेजावर हलकेच पडत होतं. क, क, क्क. मध्ये जेवढी जागा एवाल्डनं सोडली होती तेवढीच सोडून.

एवाल्डला ते बोट दिसलं. त्यानं कॉर्नची ती कडक दारू एका घोटात संपवली, टोपी घातली आणि कुणाचा निरोप न घेता बाहेर पडला. आजवर चेष्टा खूप झाली होती, पण चेष्टेचा कुणी ठेका धरला नव्हता.

पुढच्या गुरुवारी तिनं त्याला कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी गाठलं.

“क्रात्स, मागच्या वेळी तुम्ही रागावून गेलात.”

“न-नाही.”

“रागावलात. रागवायलाच हवं होतं. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारते. मला तुमचं बोलणं रेकॉर्ड करायचंय.”

“माझं ग-गाणं?”

“गाणं नाही. बोलणं.”

एवाल्डनं तिच्याकडे नीट पाहिलं. कुत्सितपणाचा मागमूस नव्हता, पण म्हणून काय झालं. “ज-जत्रेत दोन डोक्यांचं व-वासरू असतं, बाई,” तो म्हणाला. “ते द-दाखवा.” आणि जाऊन आपल्या जागेवर, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा, उभा राहिला.

त्या जागेवर एवाल्ड क्रात्स कधीही अडखळत नसे. सूर लागला की त्याच्या जिभेची गाठ सुटायची. ही गोष्ट त्याला सतराव्या वर्षी, युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात कळली होती. पहाऱ्यावरच्या शिपायानं अंधारात बंदूक रोखून परवलीचा शब्द विचारला. शब्द एवाल्डला पाठ होता, पण त-त-त याच्यापुढे जाईना. शिपायानं बंदुकीचा घोडा चढवला तेव्हा एवाल्डनं तो शब्द चक्क गाऊन म्हटला, देवळातल्या भजनाच्या चालीवर. शिपाई इतका हसला की त्याला बंदूक खाली ठेवावी लागली. घरी परतल्यावर एवाल्डनं दोन गोष्टी केल्या. गायनमंडळात नाव घातलं, आणि कात्र्यांच्या कारखान्यात धार लावायचं काम धरलं. तिथे चाकांचा एवढा आवाज असायचा की बोलून उपयोग नसे. सगळे खुणांनीच बोलत आणि खुणांमध्ये एवाल्ड कुणाला हार जात नसे. त्याच्या हातची कात्री कापड कापताना आवाज करत नाही असं शिंपी सांगत. एकूण त्यानं आपलं आयुष्य असं बेतून घेतलं होतं की त्यात बोलावं लागणाऱ्या जागा फार थोड्या उरल्या होत्या. आणि त्या थोड्या जागा त्याची बायको इर्मगार्ड भरून काढत असे.

गुड्रुन थेलेननं पुन्हा विषय काढला नाही. महिनाभरानं मात्र ती एक जड टेपरेकॉर्डर घेऊन आली आणि तालीम संपल्यावर एवाल्डला म्हणाली, “पाच मिनिटं थांबा. तुम्ही काही बोलायचं नाही. फक्त ऐकायचं.”

तिनं टेप लावली. आधी काहीच नाही. मग एका बाईचा आवाज: “प्.” मग बराच वेळ शांतता. “प्. प्. श्श.” त्यावर व्हायोलिनचा एक ओरखडा, खालून चेलोचा जाड सूर, आणि पुन्हा तो आवाज, “त्. त् त् त्.” शब्द एकही नव्हता. शब्द फोडून त्याच्या ठिकऱ्या मांडून ठेवल्यासारख्या होत्या.

“हे त-तुम्ही लिहिलंय?”

“हो. माझी आई विचारते, तू गाणं लिहितेस की खोकला.”

एवाल्डला हसू आलं. पण त्याचं लक्ष टेपवर होतं. वाद्यं वाजवणारी चांगली मोठी माणसं एका ‘त्’साठी श्वास रोखून थांबली होती, हे त्याला ऐकू येत होतं. पातं चाकाला लावायच्या आधी आपण थांबतो तसं. ही माणसं ‘त्’ला घाबरत नाहीत, त्याला वाटलं. वाट बघतात त्याची.

“यात म-माझं काय काम?”

“ही गायिका आहे ना, मारिके, ती हे शिकून करते. चांगली करते. पण तिचा ‘त्’ मी सांगितला म्हणून येतो. तुमचा ‘त्’ पुढे शब्द आहे म्हणून येतो. तुम्हाला काहीतरी सांगायचं असतं, क्रात्स. मला ते हवंय. चार तंतुवाद्यं आणि आवाज. तुम्ही नाही म्हणालात तर ही रचना मी करणार नाही, दुसरं काहीतरी करीन.”

“लोक ह-हसतील.”

“पहिली दोन मिनिटं हसतील कदाचित.”

एवाल्ड टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “स-सांगू काय?”

“जे तुम्हाला कधी पूर्ण सांगता आलं नाही असं काहीही.”

त्या संध्याकाळी काही झालं नाही. पण पुढच्या मंगळवारी, इर्मगार्डला ‘ज-जादा तालीम’ असं सांगून, एवाल्ड शाळेच्या रिकाम्या संगीतवर्गात गुड्रुनसमोर बसला, आणि जे त्यानं जगात कुणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. कॉफीचा एक कप पिऊन होईस्तोवर संपेल एवढीच गोष्ट होती. त्याला सांगायला टेपची एक अख्खी बाजू लागली. गुड्रुननं एकदाही शब्द पुरवला नाही. सांगून झाल्यावर त्याचा सदरा घामानं भिजला होता आणि भूक लागली होती, कारखान्यातून सुटल्यावर लागते तशी.

तेव्हापासून मंगळवारच्या जादा तालमी सुरू झाल्या. एवाल्ड एका कोपऱ्यात बसून वादकांचं काम बघायचा. मारिके ही डच गायिका; तिचं जर्मन मोडकंतोडकं. “आपण दोघं सारखे,” ती एवाल्डला म्हणाली. “तुझे अक्षर अडकते, माझे व्याकरण.” ती टेपवरचा त्याचा ‘म’ पुन्हा पुन्हा लावायची आणि ओठ मिटून म्हणून बघायची. जमला नाही की एवाल्डला विचारायची, “इथे तू ढकलतो की धरतो?” आजवर कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. तो म्हणून बघायचा. “आ-आधी ढ-ढकलतो. मग ध-धरतो.” मारिके मान डोलवायची आणि चेलोवाला तेच गजानं करून बघायचा, आधी ढकलून, मग धरून.

जादा तालमींचं बिंग आल्फोन्सनं फोडलं. तो इर्मगार्डचा मावसभाऊ. रविवारी दुपारी गरम चेरी घातलेले वाफल हाणता हाणता म्हणाला, “मंगळवारी? छे गं. मंगळवारी कसली तालीम? मंगळवारी तर गुत्ता बंद असतो.”

इर्मगार्डनं त्याला आणखी एक वाफल वाढला. एवाल्ड ताटातल्या चेऱ्या मोजल्यासारखं करत राहिला.

मंगळवारी तो शाळेपाशी उतरतो हे तिनं बसवाल्याकडून काढून घेतलं होतं; तो घरातून निघाल्यावर ती मागच्या बसनं निघाली. ठेंगणी, भरल्या अंगाची, चालताना कोटाची बटणं ओढली जाणारी बाई. गुड्रुन थेलेन तिनं मंडळाच्या नाताळच्या कार्यक्रमात पाहिली होती. तरणीताठी, आखूड केसांची. बसमध्ये उभ्या उभ्या इर्मगार्डनं काय काय बोलायचं ते ठरवून टाकलं. बोलण्याची तिला कधीच ददात नव्हती.

शाळेच्या मोकळ्या व्हरांड्यात आवाज घुमत होता. ती संगीतवर्गाच्या दाराशी आली आणि थबकली. आत कुणी बाई तिचं नाव घेत होती. नीट नव्हे. तुकडे करून.

“इर्... इर्... र्र्म... म्... म्... मा...”

आवाज परका होता. पण ते अडखळणं कुणाचं आहे हे इर्मगार्डला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तिनं दार ढकललं. वाद्यं थांबली. चार वादक, एक उंच गायिका, गुड्रुन, आणि कोपऱ्यात मांडीवर टोपी घेऊन बसलेला तिचा नवरा.

“कोण करतंय हे?” तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “माझ्या नवऱ्याची नक्कल कोण करतंय? लाज नाही वाटत? शिकलीसवरलेली माणसं तुम्ही. आणि तू, तू इथे बसून ऐकतोस?”

“इर्मी, हे न-न...”

“नक्कल नाही, हेच ना? मग काय आहे?”

“क्रात्सबाई,” गुड्रुन पुढे झाली, “बसा आधी. हे तुमच्या यजमानांचं वाक्य आहे. त्यांनीच दिलंय. आम्ही त्यातलं एकेक अक्षर...”

“वाक्य? कसलं वाक्य? माझं नाव आहे त्यात.”

गुड्रुननं एवाल्डकडे पाहिलं. “ते मी नाही सांगायचं.”

एवाल्ड उठला. चेलोवाल्यानं गज मांडीवर आडवा ठेवला.

“त्या द-दिवशी,” एवाल्ड म्हणाला. “न-नदीवर. त-तू आणि मी. मी म्ह-म्हणालो, इर्मगार्ड, तू म-म-मा-माझ्या...”

“माझ्याशी लग्न करशील का,” इर्मगार्ड म्हणाली. “आणि मी हो म्हटलं. ते काय मी विसरलेय? पुढे?”

“त-तेच. तू पु-पुरं केलंस. मी नाही.”

“मग? तू काय म्हणणार होतास?”

एवाल्डनं श्वास घेतला. शब्द येईना. इर्मगार्डचे ओठ सवयीनं हलले, पण त्यांना या वेळी काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. ती पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. खिडकीबाहेर एक बस आली आणि गेली.

“माझ्याब-ब-बरोबर,” एवाल्ड म्हणाला, “ज-ज-ज... जत्रेला येशील का.”

मारिकेनं हात तोंडावर धरला. इर्मगार्ड चेलोच्या रिकाम्या पेटीवर बसली.

“जत्रेला,” ती म्हणाली.

“र-रविवार होता. प-पाळणे आले होते.”

“अठ्ठावीस वर्षं झाली एवाल्ड. दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं. आईनं पाद्र्यांना. तू एकदा तरी म्हणायचंस.”

“स-सुरुवात केली होती. द-दोनदा.”

“मग लग्न केलंस कशाला माझ्याशी?”

“त-तू हो म्हणालीस,” एवाल्ड म्हणाला. “म-मला वाटलं, हे तर ज-जत्रेपेक्षा ब-बरंच आहे.”

व्हायोलिनवाला मोठ्यानं हसला आणि मग शरमून गप्प झाला. इर्मगार्डलाही हसू आलं होतं, पण ते मध्येच कुठेतरी विरलं. तिनं कोटाचं एक बटण काढलं, पुन्हा लावलं.

“आणखी काय काय पुरं केलं मी? चुकीचं?”

“अ-अगं...”

“सांग ना. आपल्या पोराचं नाव?”

एवाल्ड टोपीची कड चाचपू लागला.

“तू ‘क-क’ म्हणालास आणि मी नोंदणीवाल्याला कुर्ट सांगितलं. तुला काय म्हणायचं होतं?”

“क-कार्ल. पण कुर्ट छान आहे इर्मी. त-त्याला शोभतं.”

इर्मगार्ड उठली. गुड्रुनला म्हणाली, “माफ करा, मी आरडाओरडा केला.” केला नव्हता, पण कुणी तसं म्हटलं नाही. दाराशी जाऊन ती वळली. “मंगळवारी मी यांच्याबरोबर येईन. बसायला बरी खुर्ची असेल तर ठेवा. या पेटीचं कुलूप टोचतं.”

त्यानंतर क्रात्सांच्या घरात विचित्र शांतता पसरली. भांडणाची नव्हती ती. इर्मगार्ड थांबायला शिकत होती. जेवताना एवाल्डनं “म-म-म” सुरू केलं की तिचा हात मिठाच्या बरणीकडे जायचा आणि ती तो मांडीखाली दाबून धरायची. सूप निवायचं. “म-मोहरीची चटणी दे,” एवाल्ड शेवटी म्हणायचा, आणि ती म्हणायची, “बघ, मी मीठ दिलं असतं.”

एकदा तिनं चमचा खाली ठेवला. “नाही जमत मला हे. तू अडकलास की जीव असा वर-खाली होतो.”

“म-माझाही होतो,” एवाल्ड म्हणाला. “पण म-मला सवय आहे. तुला ह-होईल.”

कार्यक्रम वसंतात होता, शेजारच्या गावातल्या नाट्यगृहाच्या छोट्या सभागृहात. दोन आठवडे उरले असताना गुड्रुन म्हणाली, शेवटी वाक्य पूर्ण यायला हवं, आणि ते मारिकेनं म्हणावं असं तिनं आधी लिहिलं होतं, पण आता तिला वाटतं की एवाल्डनं व्यासपीठावर येऊन म्हणावं. जबरदस्ती नाही.

“म-म्हणून बघू,” एवाल्ड म्हणाला.

मारिकेनं त्याला धीर यावा म्हणून त्याच्याबरोबरच म्हणायला सुरुवात केली. दोघांचे आवाज एकत्र निघाले, “इर्मगार्ड, तू माझ्याबरोबर जत्रेला येशील का?” आणि वाक्य सुतासारखं सरळ संपलं. कुठे गाठ नाही, कुठे थांबा नाही. एवाल्ड स्वतःच चमकला. त्यानं मारिकेकडे पाहिलं. “पुन्हा,” ती म्हणाली. पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. कुणाच्या तरी आवाजात आवाज मिसळला की त्याची जीभ मोकळी होत होती, गाण्यात व्हायची तशीच.

इर्मगार्ड खुर्चीत रडत होती. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या तोंडून तिचं अख्खं नाव असं वाहत्या पाण्यासारखं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

गुड्रुननं कागद बाजूला सारले. “हवं तर असंच ठेवू,” ती म्हणाली. “दोघांनी मिळून. मी तेवढा भाग बदलीन.”

“असंच ठेवा,” इर्मगार्ड म्हणाली. “किती स्वच्छ आलं. सगळ्या गावानं ऐकू दे.”

एवाल्डनं उद्या सांगतो म्हटलं. परतीच्या बसमध्ये इर्मगार्ड कोणता कोट घालायचा ते बोलत होती. राखाडी की निळा. एवाल्ड काचेतून बघत होता. घराच्या फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, “ए-एकटा म्हणेन.”

“का रे? तिच्याबरोबर इतकं छान येत होतं.”

एवाल्ड फाटकाच्या कडीवर हात ठेवून विचार करत राहिला. इर्मगार्ड थांबली. तिला आता बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

“तिच्याबरोबर मी त-तिच्या गाडीत ब-बसून जातो,” तो म्हणाला. “माझं व-वाक्य पायी येतं. त-त्याला पायीच येऊ दे.”

कार्यक्रमाच्या दिवशी गायनमंडळ झाडून आलं होतं, सगळे मंडळाच्या काळ्या कोटात. अंत्ययात्रेखेरीज ते एवढे एकत्र पूर्वी कधी दिसले नव्हते. नव्या संगीताला नेहमी येणारी चष्मेवाली मंडळी या काळ्या फौजेकडे वळून वळून बघत होती. आल्फोन्स इर्मगार्डच्या शेजारी पहिल्या रांगेत बसला होता. इर्मगार्डनं निळा कोट घातला होता. कुर्ट हॅम्बुर्गहून आला होता आणि आईच्या पलीकडे बसून कार्यक्रमपत्रिका वाचत होता. तिच्यावर छापलं होतं: ‘चार तंतुवाद्यं, स्त्रीस्वर आणि एवाल्ड क्रात्स.’

“बाबांचं नाव वाद्यांच्या यादीत घातलंय,” तो म्हणाला.

“मग?” इर्मगार्ड म्हणाली. “कुणाचं घालणार?”

दिवे मंदावले. मारिके उभी राहिली. पहिला ‘र्’ आला, मग शांतता, मग व्हायोलिनचा पातळ ओरखडा. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्यानं त्याला साथ दिली. आल्फोन्स इर्मगार्डच्या कानात म्हणाला, “माझी करवत यापेक्षा सुरात चालते.” इर्मगार्डनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण ‘म्’ आला, ओठ मिटून, आधी ढकललेला मग धरलेला, आणि चेलोनं तो उचलून घेतला, व्हायोलानं त्याच्याखाली हात दिला, तसं मंडळातल्या माणसांचं काहीतरी बदललं. पाइप साफ करणारा पुढे वाकून बसला. तीस वर्षं ज्या आवाजाकडे त्यांनी खिडकीबाहेर बघून दुर्लक्ष केलं होतं, तो आवाज समोर दिव्यात होता आणि तिथे दुसरीकडे बघायला खिडकीच नव्हती. मागचं हसू कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटाकडे मारिके खाली बसली. एवाल्ड बाजूच्या दारातून आला. त्यानं मंडळाचाच काळा कोट घातला होता. व्यासपीठाच्या मधोमध येऊन तो उभा राहिला. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते सरळ खाली सोडले. गुड्रुननं त्या जागी ताल लिहिलाच नव्हता. कागदावर फक्त एवढंच होतं: एवाल्डचं होईपर्यंत थांबा.

“इर्... इर्मगार्ड,” तो म्हणाला. चारही गज एकदम उठले, एक छोटासा सूर देऊन पुन्हा तारांवरून वर आले. “तू म-म-मा...”

इथे तो अडकला. तालमीत कधी अडकला नव्हता इतका. आता आवाजही येत नव्हता. ओठ मिटलेले, गळ्याची शीर ताठ, चेहरा लाल. सभागृहात कुणाच्या तरी खुर्चीची कुरकुर ऐकू आली. आल्फोन्सला ही गोष्ट आता ठाऊक होती, साऱ्या गावाला ठाऊक झाली होती. त्याला राहवेना. तो पुढे सरकला, तोंड उघडलं. इर्मगार्डनं नजर न हलवता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. आल्फोन्स तोंड मिटून मागे टेकला.

“माझ्याबरोबर,” एवाल्ड म्हणाला.

गज उठले, सूर आला, गेला.

“ज-ज... ज-जत्रेला.”

पुन्हा सूर, या वेळी लांब, चौघांचा मिळून, आणि तो विरून गेल्यावर चारही गज तारांपासून वर, हवेत थांबले. आता ‘येशील का’ एवढंच उरलं होतं. पहिल्या रांगेत निळ्या कोटातली इर्मगार्ड हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत नव्हते.

एवाल्डनं घसा चाचपून पाहिला. गाठ नव्हती. शब्द जिभेवर येऊन बसला होता, अख्खा, कधीही निघेल असा. वादक त्याच्या ओठांकडे बघत होते. मारिके बघत होती. काळ्या कोटातली वीस माणसं आणि त्यांच्यामागचं सगळं सभागृह श्वास धरून बसलं होतं, आणि कुणालाही कुठे जायची घाई नव्हती.

एवाल्डनं त्यांना आणखी थोडं थांबू दिलं.